पानाला भोक पाडणारा गवई

रातकिडा तोंडाने ओरडत नाही, हे आधी पक्कं करून टाकू या. चिऊ, तू काल विचारलंस ना, की न्हाणीघरातल्या त्या रातकिड्याचा घसा कसा बसत नाही? अगं, बसायला त्याला घसाच नाही. आपल्यासारखी फुप्फुसंही नाहीत. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि त्यांतून आत गेलेली हवा नळ्या-नळ्यांनी थेट शरीरभर पोचते. रात्रभर सारं घर भरून टाकणारा तो आवाज येतो पंखांतून.

जा, कंगवा घेऊन ये. बारीक दात्यांचा आण. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत नखाने दाते खरवड. आधी हळू. आता भर्रकन. ऐकलंस? हळू ओढलंस तेव्हा एकेक टक सुटा ऐकू आला, भर्रकन ओढलंस तेव्हा सगळे टक मिसळून एक सूर निघाला. रातकिड्याच्या उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला अशीच दात्यांची रांग असते आणि डाव्या पंखाच्या काठाला कडक धार. उजवा पंख वर, डावा खाली. पंख थोडे उचलून तो ते उघडतो आणि मिटतो. मिटताना धार दात्यांवरून सरकते आणि पंखावरचा एक पातळ, ताणलेला पापुद्रा थरथरू लागतो. एकदा पंख मिटले की सुराचा एक तुकडा. असे तीन-चार तुकडे लागोपाठ आले की आपल्याला एक ‘किर्र’ ऐकू येतं.

दाते किती आणि किती अंतरावर, यावर सूर ठरतो. म्हणून तर एक नवल घडलं. चीनमध्ये इनर मंगोलिया म्हणून प्रदेश आहे. तिथल्या दगडात एका कीटकाच्या पंखांचा ठसा सापडला, तब्बल १६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला. ठसा इतका स्वच्छ, की सूक्ष्मदर्शकाखाली पंखावरचे दाते मोजता आले. शास्त्रज्ञांनी ते मोजले, त्यांतली अंतरं घेतली, आजच्या भाऊबंदांच्या पंखांशी ताडून पाहिली आणि २०१२ साली तो सूर पुन्हा वाजवून दाखवला. सेकंदाला ६,४०० कंपनांचा एकच शुद्ध सूर. त्या कीटकाचं हाड ना कातडं उरलं, पण गाणं उरलं. दादा, मला विचारशील तर डायनोसॉरांच्या सगळ्या हाडांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

भाऊबंद म्हणालो, ते कोण ते सांगतो. या कुळात दोन घराणी आहेत आणि ती ओळखायला मिशा बघायच्या. रातकिडे आणि झाडीत राहणारे ते पानासारखे हिरवेगार नाकतोडे, यांच्या मिशा केसासारख्या बारीक आणि कधी कधी अंगाहूनही लांब. ज्वारीत, गवतात दिवसाउजेडी टणाटण उड्या मारणारे साधे नाकतोडे आणि टोळ, यांच्या मिशा आखूड. लांब मिशांचे पंखावर पंख घासून गातात. आखूड मिशांचे बरेचसे मागची तंगडी पंखावर घासतात. आता पावसाळ्यात माळावर गेलात की ऐका, गवतातून दुपारी एक खरखर येते, ती यांची. आणि दोन्ही घराण्यांत गाणारा बहुतेक नरच. मादी ऐकते आणि पसंत पडलं तर चालत जाते.

ऐकते कशाने, ते सांगा बघू. डोक्याला कान नाहीत, मी आधीच सांगून टाकतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. हसू नका, भिंग घेऊन बघा. मेलेला रातकिडा सापडला तर पुढच्या पायावर एक लांबट, चकचकीत ठिपका दिसेल, तो कानाचा पडदा. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान तर पोटाच्या पहिल्या वळीवर, पंखाखाली झाकलेले असतात.

मादी आवाजावरच येते, वासावर किंवा नजरेवर नाही, हे सिद्ध करायला एका शिक्षकाने काय केलं ऐका. योहान रेगेन त्याचं नाव. जन्म स्लोव्हेनियातला, शिकवायचा व्हिएन्नातल्या शाळेत. त्याने गाणारा नर टेलिफोनपुढे ठेवला आणि मादीला दूर, तारेच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नराचा वास नाही, सावली नाही. टेलिफोनातून नुसतं गाणं आलं आणि मादी त्या टेलिफोनकडे चालू लागली. हे १९१३ सालचं. त्या काळी टेलिफोन माणसांच्याही घरोघर नव्हता!

त्याच पायातल्या कानाने रातकिड्याला वटवाघूळही ऐकू येतं. वटवाघूळ अंधारात वाट काढताना इतक्या उंच पट्टीत ओरडतं की आपल्या कानाला ते कळतच नाही. उडणाऱ्या रातकिड्याला ते कळतं आणि तो झटक्यात दिशा बदलतो. खालच्या पट्टीचा सूर आला की त्याकडे जायचं, वरच्या पट्टीचा आला की पळायचं, असा हिशेब त्याच्या नसांतच बसवलेला आहे. विचार करायला वेळ लागत नाही, कारण विचार करावाच लागत नाही.

कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ गोर्गोना नावाचं बेट आहे. तिथल्या एका लांब मिशांच्या नाकतोड्याचा कान शास्त्रज्ञांनी तपासला. तो कान लांबीला मिलिमीटरसुद्धा नाही. पण त्यात कानाचा पडदा आहे, पडद्याचं कंपन पुढे पोचवणारी छोटीशी तरफ आहे आणि पुढे द्रवाने भरलेली पोकळी आहे, जिच्यात उंच सूर एकीकडे नि खालचे सूर दुसरीकडे वेगळे होतात. दादा, तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात माणसाच्या कानाची आकृती आहे, ती काढून बघ. पडदा, हाडांची साखळी, शंख. तीच तीन कामं, त्याच क्रमाने. त्यांचा नि आपला पूर्वज वेगळा होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी दोघांनाही ऐकण्यासाठी एकच तोड सापडली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

इवल्या जिवाला मोठा आवाज काढणं फार अवघड असतं. ताकद कमी पडते हे तर आहेच, पण खरी अडचण हवेची आहे. पंख पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे हवा विरळ होते. पंख मोठा असेल तर काही बिघडत नाही. पण तो लहान असला की समोरची दाबलेली हवा काठावरून वळसा घालून मागची पोकळी भरून काढते. दाब तिथल्या तिथे जिरतो आणि आवाज बाहेर पडायच्या आधीच निम्मा मरतो. झुडपांवर राहणारा एक फिकट, नाजूक रातकिडा आहे, त्याचा सूर सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांचा असतो. अशा सुराची हवेतली एक लाट ११ सेंटिमीटरच्या आसपास भरते, आणि त्याचा पंख जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे हवेला वळसा घालायला मोकळं रान.

हीच अडचण लाउडस्पीकर बनवणाऱ्यांनाही आली. स्पीकरचा नुसता पडदा उघड्यावर वाजवला तर आवाज पोकळ आणि पडका येतो. म्हणून तो लाकडी फळीत किंवा पेटीत बसवतात, म्हणजे पुढची हवा मागे जाऊ शकत नाही.

हा रातकिडा नेमकं तेच करतो. दक्षिण भारतातल्या झुडपी माळांवर, रानतुळशीच्या जाळीत तो राहतो. अंधार पडला की तो एक पान निवडतो आणि पानाच्या मधोमध भोक कुरतडतो. भोक त्याच्या उभारलेल्या पंखांच्या मापाचं. मग त्या भोकात अंग असं बसवतो की पंखांच्या कडा पानाला लागून राहतात आणि चारही बाजूंनी पान पसरलेलं राहतं. आणि गाऊ लागतो. हवेची वाट बंद! आवाज दुपटीने, कधी तिपटीनेही वाढतो.

पान कापणाऱ्या रातकिड्यांची पहिली नोंद दक्षिण आफ्रिकेतून १९७५ साली आली होती. पण ते कापणं कितपत हिशेबाचं, हे उलगडलं आपल्या इथल्या रातकिड्यांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन अनेक वर्षं कीटकांच्या गाण्यांचा अभ्यास करत आल्या आहेत. त्यांनी, नताशा म्हात्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गवई बारकाईने पाहिला. सगळ्यात जास्त आवाज कधी मिळेल, याचं गणित त्यांनी मांडलं. उत्तर आलं की पान शक्य तितकं मोठं हवं, भोक मध्यावर हवं आणि पंखांएवढंच हवं. मग त्यांनी रातकिड्यांपुढे लहान पानं ठेवली, मोठी पानं ठेवली. रातकिड्याने मोठं पान उचललं. भोक मध्याजवळ पाडलं. मापही बरोबर. आणि हे चुकत-माकत शिकून नव्हे, पहिल्याच खेपेला! २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. माणूस सोडून इतर प्राण्यांत हत्यार किंवा साधन बनवणारे मोजकेच सापडतात, आणि त्यांतही आपण नावं घेतो ती माकडांची नि कावळ्यांची. त्या यादीत या बोटाच्या पेराएवढ्या किड्याला मी मानाने बसवतो.

चिऊचा प्रश्न बरोबर आहे: मग या जातीतले सगळेच नर पान का कापत नाहीत? हाच प्रश्न बंगळूरच्या मंडळींनाही पडला आणि त्याचं उत्तर २०२० साली आलं. मादीला मोठा नर आवडतो आणि मोठ्या आवाजाचा नर आवडतो. जो मुळातच धट्टाकट्टा, त्याचा आवाज असाच पुरेसा मोठा, त्याला पान कुरतडायची फारशी गरज नाही. पान कापतात ते बहुतेक अंगाने बारके आणि आवाजाने दबके. पानाच्या जोरावर बारक्याचा आवाज धट्ट्याकट्ट्याच्या बरोबरीला येतो आणि माद्या त्याच्याकडेही तितक्याच येतात. कुणी याला फसवणूक म्हणेल. मी म्हणणार नाही. निसर्गाने आवाज कमी दिला, तर त्याने तो पानातून उभा केला, ही त्याची कर्तबगारी आहे.

याच कुळातला आणखी एक कारागीर जमिनीत राहतो. पुढचे पाय फावड्याच्या आकाराचे, माती उकरणारा हा रातकिडा आपल्याकडे शेतात, बागेतही निघतो. त्याच्या एका फ्रेंच भाऊबंदाचं बीळ बेनेट-क्लार्क नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने मोजलं. आत एक गोल पोकळी, पुढे अरुंद मान आणि मग वर जमिनीच्या पृष्ठभागाकडे रुंदावत गेलेली दोन तोंडं. अगदी कर्ण्याचा आकार. बीळ खणून झालं की तो थोडं गाऊन बघतो, परत माती कोरतो, परत गातो, आणि सूर घुमू लागला की थांबतो. शांत रात्री त्याचं गाणं माणसाला ६०० मीटरवरून ऐकू येतं. एवढ्या लांब हाक मारायची तर मी माडीवर चढून ओरडलो तरी जमणार नाही.

पण मोठ्याने गाण्याची किंमत असते, आणि ती हवाईच्या रातकिड्यांनी मोजली. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवर हे रातकिडे बाहेरून आले आणि अमेरिकेकडून एक माशीही आली. ही माशी कानाने शिकार करते. गाण्याचा माग काढत ती नरापाशी पोचते आणि त्याच्यावर आपल्या बारीक अळ्या सोडते. अळ्या त्याच्या अंगात शिरतात, आठवडाभर आतून त्याला खातात आणि बाहेर पडतात तेव्हा तो मरतो. माशीचे दोन कान एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर असतात. एवढ्याशा अंतरात आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखणं जवळपास अशक्य, पण तिचे दोन्ही पडदे मधोमध एका सांध्याने जोडलेले आहेत आणि त्या सांध्यामुळे तिला दिशा अचूक कळते. तिच्यावरून माणसांनी श्रवणयंत्रांसाठी नवे मायक्रोफोन बनवायला घेतले.

मार्लिन झुक ही शास्त्रज्ञ कवाई नावाच्या बेटावर वर्षानुवर्षं जायची. दर खेपेला गाणारे रातकिडे कमी होत चालले होते. संपले की काय, असं वाटायला लागलं. २००३ साली ती गेली आणि टॉर्च घेऊन गवतात उतरली, तर रातकिडे ढिगाने! फक्त गात नव्हते. पकडून बघितले तर नरांच्या पंखांवरची दात्यांची ती रांग नि पापुद्रा जवळजवळ पुसले गेलेले, पंख मादीसारखे सपाट. दहातले नऊ नर मुके. एका छोट्या आनुवंशिक बदलाने, वीसहून कमी पिढ्यांत हे झालं. माशीला ते ऐकू येत नाहीत, म्हणून वाचतात. मग मादीला कसे सापडतात? जे थोडे गाणारे उरलेत, त्यांच्या आसपास हे मुके जाऊन बसतात आणि गाणं ऐकून आलेल्या मादीला वाटेतच गाठतात. दादा, तुला हे पटत नाही हे मला दिसतंय. मलाही गाणाऱ्यांबद्दल हळहळ वाटते. पण जगलेले आधी जगले, म्हणूनच त्यांची पिल्लं झाली.

गाण्याशिवायही हे कुळ एकमेकांना ओळखतं. २०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून विदर्भात टोळधाड उतरली. अमरावती, वर्धा, नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी थाळ्या-डबे बडवले, धूर केला, फवारण्या केल्या, ते तुम्हाला आठवत नसेल, लहान होतात. वाळवंटी टोळ एरवी एकटा राहणारा, मातकट रंगाचा, दुसरा दिसला की बाजूला होणारा प्राणी. पाऊस बरा झाला, पिल्लं वाढली, मग चारा आटला की ती उरलेल्या हिरवळीवर दाटीवाटीने जमतात. दाटीत मागच्या पायांना सारखा धक्का लागतो. त्या धक्क्यांनी टोळाच्या अंगात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि दोन-तीन तासांत त्याची वागणूक पालटते: जो टाळत होता, तो आता घोळक्याकडे ओढला जातो. पुढे रंगही बदलतो. टोळांची अशी दोन रूपं इतकी वेगळी, की पूर्वी लोक त्यांना दोन निराळ्या जाती मानत. त्या एकच आहेत, हे बोरिस उवारोव्हने १९२१ साली दाखवलं. एक टोळ साधारण दोन ग्रॅमचा आणि रोज जवळजवळ आपल्या वजनाएवढं खातो. एकट्याचं ते काहीच नाही, पण धाडीत ते कोटींनी असतात.

आता तुमच्यासाठी काम.

रातकिडा थंड रक्ताचा. गारठा पडला की त्याचे स्नायू मंदावतात आणि किर्र किर्रमधलं अंतर वाढतं. आमोस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १८९७ साली त्याचं सूत्रच लिहून टाकलं. तिकडच्या झाडावरच्या एका रातकिड्याच्या बाबतीत ते असं बसतं: आठ सेकंदांत किती वेळा किर्र झालं ते मोजायचं आणि त्यात ५ मिळवायचे, की अंश सेल्सिअसमध्ये तापमान मिळतं. यातली खरी गंमत मादीची आहे. नराचा ताल थंडीत बदलला तर आपल्याच जातीचं गाणं तिला कळणार कसं? तिच्याही मेंदूतला ताल त्याच गारठ्याने तेवढाच मंदावलेला असतो. उबदार रात्री तिला जलद गाणं आवडतं, गार रात्री संथ. म्हणून दोघं एकाच हवेत असली की जमतं.

आपल्या न्हाणीघरातला रातकिडा वेगळ्या जातीचा, त्याला डॉल्बेअरचा आकडा लागू पडेलच असं नाही. त्याचं सूत्र आपण काढू. औषधाच्या कपाटात भिंतीला लावायचा तापमापक आहे, तो न्हाणीघराच्या दाराशी टांगा. घड्याळात बघून एका मिनिटात किती किर्र, ते दादाने मोजायचं आणि चिऊने वहीत लिहायचं. शेजारी तापमान आणि तारीख. दिवा बंद ठेवा आणि पाय वाजवू नका, त्याच्या शेपटीकडच्या दोन काड्यांवर बारीक केस असतात, हवा जराशी हलली तरी त्याला कळतं आणि तो गप्प होतो. गप्प झालाच तर तो आकडा खोडा आणि पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यापासून मोजा. आता गणपतीत सुरुवात केलीत तर दिवाळीत आणि मग पौषातल्या थंडीत मोजता येईल. मग आलेखाच्या कागदावर टिंबं द्यायची, आडवं तापमान, उभं किर्र. रेघ कशी मारायची ते मी दाखवतो.